नदीतलं तणनाशक मोजताना बाटली कधी भरायची?

मोजपट्टी

एकाच ओढ्याचे दोन अहवाल शेजारी ठेवले की असं दिसू शकतं: एकात ॲट्राझिन हे तणनाशक ०.२, दुसऱ्यात १२. (धाग्यावरचे सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटर धरा, वेगळं लिहिलं नसेल तर.) प्रयोगशाळा तीच, पद्धत तीच, वरच्या शेतांतली फवारणीही तेवढीच. पहिल्यासाठी महिन्यातून एकदा ठरल्या वारी बाटली भरली, दुसऱ्यासाठी पाणी चढायला लागल्यावर. दोन्ही आकडे खरे आहेत. पण बाटली कधी भरली हे लिहिलेलं नसेल तर दोन्ही निरुपयोगी आहेत.

हे असं का होतं ते आधी मांडतो. फवारलेलं तणनाशक जमिनीच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत बसलेलं असतं. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात याच थरावरून पाणी वाहतं आणि ओढ्यात उतरतं. पुढच्या प्रत्येक पावसात त्या थरातला साठा कमी झालेला असतो, कारण काही खाली मुरलेलं असतं आणि काही कुजलेलं. त्यामुळे पहिल्या एक-दोन पुरांतलं शिखर वर्षातलं सगळ्यात उंच असतं. (शिखरच म्हणतो, कारण 'पीक' म्हटलं की शेतातल्या पिकाशी घोळ होतो.) फवारलेल्या मालापैकी हंगामात साधारण एक टक्क्याच्या आसपासच नदीत जातो, पण तो अगदी थोड्या तासांत जातो.

हिशेबासाठी एक नमुनेदार पूर घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण लहान ओढ्यात पुराचा आकार असाच असतो.

० तास: ०.२
२ तास: ३
४ तास: ९
६ तास: १२
१२ तास: ६
२४ तास: २
३६ तास: ०.८
४८ तास: ०.४, आणि तिथून पुढे पुन्हा ०.२

६ च्या वर पाणी किती वेळ राहिलं? जेमतेम ९ तास. त्या आठवड्यात कुठल्याही एका क्षणी बाटली भरली तर हा काळ सापडण्याची शक्यता ९ भागिले १६८, म्हणजे ५ टक्क्यांच्या थोडं वर. महिन्यातून एकच बाटली असेल तर सव्वा टक्का. आणि ही 'कुठल्याही क्षणी' म्हणून. प्रत्यक्षात बाटल्या सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये, कोरड्या दिवशी, रस्ता नीट असताना भरल्या जातात. पाऊस संध्याकाळी पडत असेल तर शिखर मध्यरात्री येतं आणि ते दर वेळी हुकतं. अशी चूक नमुने वाढवून कमी होत नाही, कारण ती एकाच दिशेने होत राहते.

ओघवती

यात प्रवाह मिळवला की चित्र आणखी स्पष्ट होतं. वरच्याच पुरात प्रवाह असा धरा: सुरुवातीला १ घनमीटर प्रति सेकंद, मग २ तासांनी ५, ४ तासांनी १२, ६ तासांनी १५, १२ तासांनी १०, २४ तासांनी ५, ३६ तासांनी ३, ४८ तासांनी २. तीव्रता (लिटरमागे किती तणनाशक) आणि प्रवाह यांचा गुणाकार करून दोन-दोन वेळांमधल्या समलंब चौकोनांची बेरीज केली की ४८ तासांत सुमारे ६ किलो तणनाशक गेलेलं दिसतं. त्यातले ४.१ किलो पहिल्या १२ तासांतच जातात. महिन्याचे उरलेले २८ दिवस ०.२ तीव्रतेने आणि १ घनमीटर प्रवाहाने मिळून जेमतेम अर्धा किलो. खरा महिना साडेसहा किलोंचा.

आता महिन्याच्या एका बाटलीवरून हाच भार (गेलेले एकूण किलो) काढू. महिन्याचं एकूण पाणी सुमारे ३४.७ लाख घनमीटर.

बाटली कोरड्या दिवशीची असेल तर ०.२ ने गुणून ०.७ किलो येतात, म्हणजे खऱ्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. बाटली नेमकी पुराच्या बाराव्या तासाची असेल तर ६ ने गुणून जवळजवळ २१ किलो, म्हणजे तिपटीहून जास्त. महिना तोच, ओढा तोच. 'मासिक नमुने नेहमी कमी दाखवतात' असं सरसकट म्हणणं म्हणून बरोबर नाही. ते बहुतेक वेळा कमी दाखवतात आणि क्वचित खूपच जास्त दाखवतात. लागोपाठ दोन वर्षांची तुलना करताना दुसरा प्रकार जास्त घातक, कारण एका बाटलीमुळे अख्खं वर्ष 'बिघडलेलं' दिसतं.

शेवाळ

मग ऑटोसँपलर (आपोआप बाटल्या भरणारं यंत्र) लावून आठवडाभराचा मिश्र नमुना (थोडं थोडं पाणी एकाच बाटलीत जमवलेला) घेतला तर प्रश्न मिटला ना? निदान काही हुकत तरी नाही.

मोजपट्टी

@शेवाळ, हुकत नाही, पण पातळ होतं. त्याच पुराची सरासरी काढा. पहिल्या २४ तासांचा मिश्र नमुना ५.८ दाखवेल. साडेतीन दिवसांचा २.० आणि आठवड्याचा १.१. खरं शिखर १२ होतं. हेही पूर पूर्णपणे एकाच मिश्रणात आला तर. बाटली बदलायची वेळ पुराच्या मध्यात आली तर तोच पूर दोन आकड्यांत वाटला जातो.

स्वित्झर्लंडमध्ये एका लहान ओढ्याकाठी मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनावरून ओळखून मोजणारं यंत्र) ट्रेलरमध्ये बसवून दर २० मिनिटांनी मोजणी केली गेली आहे. तिथे साडेतीन दिवसांच्या मिश्र नमुन्यांत न दिसणारी शिखरं दिसली, आणि त्यातली काही पाऊस नसतानाची होती. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फवारणीचं यंत्र धुतलेलं पाणी गटारातून ओढ्यात आलं तर पाण्याची पातळी हलत नाही, तीव्रता मात्र उडी मारते.

मिश्र नमुना वाईट नाही. तो सरासरीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. युरोपीय संघाच्या पाणी निर्देशात ॲट्राझिनला दोन वेगळ्या मर्यादा आहेत: वार्षिक सरासरी ०.६ आणि कमाल २.०. आठवड्याचा मिश्र नमुना पहिलीसाठी उत्तम. दुसरीसाठी वापरला तर आपल्या उदाहरणातला ओढा १.१ दाखवून आरामात उत्तीर्ण होतो, आणि त्याच आठवड्यात पाण्यात १२ होते.

खालची_धार

पुरासाठी ऑटोसँपलर लावणार असाल तर जिथे जिथे घात होतो त्या जागा लिहितो.

चालू होण्याची खूण: सगळ्यात सोपी म्हणजे पातळी. पाणी ५ सेंटिमीटर चढलं की यंत्र सुरू. जर्मनीत लहान ओढ्यांच्या देशव्यापी पाहणीत हीच खूण वापरली होती. पण ५ हा आकडा सगळीकडे चालत नाही. रुंद, उथळ पात्रात ५ सेंटिमीटर म्हणजे बरंच पाणी, तोवर चढता भाग निम्मा निघून गेलेला असतो. वर कुठे बंधाऱ्याची दारं उघडझाप होत असतील तर कोरड्या दिवशीही यंत्र सुरू होतं आणि २४ बाटल्या साध्या पाण्याने भरून बसतात. मग खरा पूर येतो तेव्हा एकही रिकामी नसते. अशा जागी पातळी आणि पर्जन्यमापक दोन्हींची अट एकत्र लावा, उदाहरणार्थ एका तासात ५ मिलिमीटर पाऊस आणि पातळीत वाढ. आधीच्या महिन्याची पातळीची नोंद काढून बघा की ठरवलेली खूण किती वेळा पेटली असती. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हंगाम वाचतो.

बाटल्यांची वाटणी: २४ बाटल्या समान अंतराने लावू नका. चढता भाग छोटा आणि उतरता लांब असतो. पहिल्या ८ दर अर्ध्या तासाने, पुढच्या ८ दर दोन तासांनी, शेवटच्या ८ दर चार तासांनी. एकूण ५२ तास. पूर संपल्यावर बाटल्या ओळीने मांडल्या की वाटणी बरोबर बसली का ते डोळ्यांनीच कळतं: पहिली-दुसरी जवळजवळ नितळ, मग गढूळ होत होत चहाच्या रंगाच्या चार-सहा, आणि शेवटाकडे पुन्हा निवळत गेलेल्या. पहिलीच बाटली चहाच्या रंगाची असेल तर खूण उशिरा पेटली आहे. शेवटची अजून गढूळच असेल तर उतरता भाग तुटला. अर्थात गढूळपणा म्हणजे गाळ. ॲट्राझिन, मेटोलाक्लोर यांसारखी तणनाशकं मुख्यतः विरघळून जातात, त्यामुळे त्यांचं शिखर गाळाच्या शिखरावरच येईल असं नाही. जमिनीखालच्या निचरा नळ्यांचं पाणी जास्त असेल तर ते मागे सरकतं.

नळी: आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली घ्या. ९.५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १० मीटर नळीत साधारण ७०० मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे ३५० मिलिलिटरच्या बाटलीत जे जातं ते सगळं मागच्या वेळी नळीत राहिलेलं पाणी असू शकतं! प्रत्येक नमुन्याआधी हवेने नळी रिकामी करणं, एकदा ओढ्याच्या पाण्याने विसळणं, पुन्हा रिकामी करणं आणि मगच भरणं, हा क्रम प्रोग्रॅममध्ये टाकलेला आहे ना ते तपासा. नळीला कुठेही झोळ नको, पाणी साचतं. पंपापासून पाण्यापर्यंत सलग उतार हवा.

तोंडाची जाळी: तळापासून १५-२० सेंटिमीटर वर, पाणी वाहतं तिथे. काठाच्या शांत पाण्यात नको, तळाला टेकलेली तर नकोच. पुरात पानं आणि गवत जाळीभोवती गुंडाळलं जातं, पंप फिरत राहतो आणि बाटलीत बोटभरच पाणी येतं. बाटली किती भरली याची नोंद ठेवा, कमी भरलेल्या बाटलीचा आकडा संशयित धरा.

घड्याळ: पातळीची नोंद करणारं यंत्र आणि ऑटोसँपलर यांची घड्याळं दर भेटीत जुळवा. शिखराच्या वेळी पाऊण तासाचा फरक पडला तर ओघवती यांनी केला तो गुणाकार सरळ चुकतो.

ओघवती

प्रवाहाच्या प्रमाणात मिश्रण करणाऱ्यांसाठी भर. इथे 'किती पाणी गेल्यावर एक घोट घ्यायचा' हे आधी ठरवावं लागतं. १० लिटरची बाटली आणि ५० मिलिलिटरचा घोट म्हणजे २०० घोट. पुरात १० लाख घनमीटर पाणी अपेक्षित असेल तर दर ५,००० घनमीटरला एक घोट असं गणित येतं. ते तसंच लावू नका. पूर तिप्पट आला तर एक तृतीयांश पाणी जाईपर्यंतच बाटली भरून जाते आणि शिखर बाहेरच राहू शकतं. दर १०,००० घनमीटरला लावा: अपेक्षित पुरात निम्मी बाटली भरेल, दुप्पट पुरातही पुरेल. १५ घनमीटर प्रवाहाला दोन घोटांत ११ मिनिटं मिळतात, त्यात विसळण्याचं चक्र आरामात पूर्ण होतं.

तांबडी_बाटली

प्रयोगशाळेच्या बाजूचं सांगते, कारण वेळापत्रक बाटली भरली की संपत नाही.

बाटली तांबूस-तपकिरी (अंबर) काचेची, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. ग्लायफोसेटसाठी मात्र पॉलिप्रॉपिलीनची, काचेला ते चिकटतं. ग्लायफोसेट नेहमीच्या सी-१८ काडतुसावर (पाण्यातलं तणनाशक धरून ठेवणाऱ्या भरावाच्या नळीवर) धरतच नाही, त्याची पद्धतच वेगळी. म्हणून एका बाटलीत सगळं मोजून द्या ही मागणी पुरी होत नाही; जागेवरच दोन बाटल्या वेगळ्या करा.

ऑटोसँपलरच्या डब्यात ४ अंश तापमान हवं. बर्फ घालत असाल तर ५२ तासांत तो वितळतो हे धरून चाला, आणि डब्यात तापमान नोंदणारं छोटं यंत्र टाका. सल्फोनिलयुरिया गटातल्या तणनाशकांसाठी नमुन्यात आम्ल घालू नका, ते आम्लात फुटतात. गाळायला ०.७ मायक्रॉनचा काचतंतूंचा कागद, आधी ४५० अंशांवर भाजलेला.

आता मुद्द्याची गोष्ट. पुराच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय माल भरपूर असतो आणि तो एलसी-एमएसमध्ये (घटक आधी वेगळे करून मग मास स्पेक्ट्रोमीटरने मोजणाऱ्या यंत्रात) आयन, म्हणजे मोजले जाणारे विद्युतभारित कण, तयार होणं दाबतो. म्हणजे नेमक्या शिखराच्या बाटल्यांतच आकडा कमी येतो. यावर इलाज म्हणजे समस्थानिक खुणेचं अंतर्गत मानक (त्याच रेणूचं जड अणू बसवलेलं रूप, ठाऊक मात्रेत), जसं ॲट्राझिन-डी५, प्रत्येक नमुन्यात अर्क काढायच्या आधी घालणं. ते नसेल तर निदान एका पुराच्या बाटलीत ठाऊक मात्रा घालून किती परत मिळते ते बघा. नितळ पाण्यातली परतफेड बघून पुराची खात्री देता येत नाही. आणि १२ च्या बाटलीमागे लगेच ०.२ ची बाटली यंत्रावर लावू नका, मध्ये कोरा (तणनाशक नसलेला) नमुना चालवा.

शेवाळ

समजलं. आता खरी अडचण. हंगामात फक्त २० बाटल्यांच्या तपासणीची सोय असेल तर त्या कशा वाटाव्यात?

ओघवती

आधी नदीचा आकार बघा. मोठ्या नदीत अनेक उपनद्यांचे पूर वेगवेगळ्या वेळी येऊन मिसळतात आणि तणनाशकाची लाट आठवडे टिकते. तिथे हंगामात आठवड्याला एक बाटलीही बरंच सांगते. ओहायोत हायडेलबर्ग विद्यापीठाने एरी सरोवराला मिळणाऱ्या लहान-मोठ्या नद्यांवर १९८० च्या दशकापासून तणनाशकांची दाट मोजणी केली आहे, आणि ओढा जितका लहान तितकं शिखर उंच आणि अरुंद हे तिथल्या नोंदींत ठळक दिसतं.

लहान ओढा आणि २० बाटल्या असतील तर मी असं वाटेन: फवारणीआधी २ (पायाभूत पातळी), फवारणीनंतरच्या पहिल्या पुराला ८, दुसऱ्याला ४, आणि उरलेल्या ६ ठरावीक दिवशी, पाऊस असो नसो. यंत्राने २४ भरल्या तरी सगळ्या तपासायची गरज नाही. पातळीचा आलेख बघून चढावरच्या ३, माथ्याजवळच्या २ आणि उतारावरच्या ३ निवडा. बाकीच्या थंड ठेवा, पण पद्धतीत दिलेल्या मुदतीतच.

तांबडी_बाटली

निवडण्यासाठी एलायझा किट (प्रतिपिंडांवर चालणारी झटपट चाचणी) वापरता येतं. ॲट्राझिनचं किट प्रोपाझिनसारख्या भावंडांनाही प्रतिसाद देतं, त्यामुळे त्याचा आकडा अहवालात टाकू नये. कुठल्या आठ बाटल्या पुढे पाठवायच्या हे ठरवायला मात्र ते पुरेसं आहे.

काठावरून

सगळे पुराच्या मागे लागलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. ठरावीक दिवशीच्या नमुन्यांना कमी लेखू नका. फक्त पुराचे नमुने घेतलेल्या वर्षाची सरासरी ही नदीची सरासरी नसते. ज्या वर्षी जास्त पूर धरले ते वर्ष जास्त वाईट दिसणार. दहा वर्षांत वापर घटला की वाढला हे बघायचं तर ठरलेल्या दिवसांची, न बदललेली मालिकाच लागते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं सीवेव्ह-क्यू हे सांख्यिकी प्रतिमान हंगामी लाट आणि प्रवाह यांचा परिणाम बाजूला काढून कल शोधतं, पण त्यालाही फवारणीच्या हंगामात पुरेसे नमुने लागतात.

आणि मालिका मध्येच बदलली की खोटा कल दिसतो. साप्ताहिकवरून मासिकवर आलात की वर्षाची कमाल आपोआप खाली येते. नदी सुधारलेली नसते, तिच्याकडे बघणं कमी झालेलं असतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण तो उतरता आलेख पुढे वर्षानुवर्षं यश म्हणून दाखवला जातो. वेळापत्रक बदलायचंच असेल तर एक हंगाम दोन्ही समांतर चालवा.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. अमेरिकेत ॲट्राझिनची मर्यादा ३, आणि ती चालत्या वार्षिक सरासरीवर तपासतात. तिमाहीला एक नमुना असेल आणि त्यातला एक पुरात सापडून ११ आला, बाकीचे ०.३, ०.२ आणि ०.१, तर सरासरी २.९. तोच नमुना चार दिवस उशिरा घेऊन ०.४ आला तर सरासरी ०.२५. पाणी एकच.

मोजपट्टी

@काठावरून, पूर्ण सहमत. दोन्ही मालिका ठेवा, पण एका सरासरीत मिसळू नका. डेटाबेसमध्ये प्रत्येक नमुन्याला 'ठरावीक' की 'पूर' असा रकाना हवाच.

मिसळल्यावर काय होतं बघा. दर आठवड्याच्या ०.२, १२, ०.२ या तीन बाटल्या सरळ रेषेने जोडल्या तर १४ दिवसांची सरासरी ६.१ येते. आपल्या पुराची खरी १४ दिवसांची सरासरी ०.६५ आहे. नऊपट फुगली! अमेरिकेत जलवनस्पतींच्या जोखमीसाठी ॲट्राझिनची ६० दिवसांची सरासरी बघतात, आणि विरळ बाटल्यांमधली जागा कशी भरली यावर तो आकडा हलतो. विरळ मालिकेत सरळ रेषा ओढण्याऐवजी प्रवाहाशी नातं लावून जागा भरा, आणि तेही जमत नसेल तर सरासरी देऊच नका.

शेवाळ

निष्क्रिय सँपलर (पंपाशिवाय पाण्यातलं तणनाशक शोषून जमवणाऱ्या चकत्या) कुणी सुचवले नाहीत.

खालची_धार

सरासरीसाठी चांगले. पोसिस किंवा केमकॅचर या प्रकारचे सँपलर १४ ते २८ दिवस पाण्यात ठेवतात. हिशेब सरळ आहे: चकतीत जमलेला माल भागिले (दररोजचा उपसा, म्हणजे चकती रोज किती लिटर पाण्यातलं तणनाशक शोषते, गुणिले दिवस). १४ दिवसांत ५६० नॅनोग्रॅम, उपसा ०.२ लिटर, तर लिटरला २०० नॅनोग्रॅम म्हणजे ०.२. खाच त्या उपशात आहे. पाण्याचा वेग वाढला की उपसा वाढतो, चकतीवर शेवाळाचा थर चढला की घटतो. प्रयोगशाळेतल्या संथ टाकीत काढलेला उपसा वाहत्या ओढ्याला लावला तर दुपटीची चूक सहज होते. शिवाय काही तासांच्या शिखराला चकती उशिरा प्रतिसाद देते. काय काय आहे हे शोधायला वापरा, कमाल किती होती हे त्याला विचारू नका.

काठावरून

न सापडलेल्या नमुन्यांबद्दल एक राहिलं. शोधमर्यादा (प्रयोगशाळेला ओळखता येणारी किमान मात्रा) ०.०५ असताना 'आढळलं नाही' याचा अर्थ शून्य नाही. मासिक मालिकेत निम्म्याहून जास्त नोंदी अशा असतात, आणि तिथे शून्य घालायचं की निम्मी मर्यादा यावर सरासरी ठरते. मधेच प्रयोगशाळा बदलून मर्यादा ०.०१ झाली तर 'आढळण्याचं प्रमाण' एकदम वाढतं. तुलना करायची तर जुन्या, मोठ्या मर्यादेवर दोन्ही आणा, किंवा कापलान-मायरसारखी (मर्यादेखालच्या नोंदी धरून सरासरी काढणारी) सांख्यिकी पद्धत वापरा.

तांबडी_बाटली

आणि विघटनातून तयार होणारी संयुगंही मोजा. मेटोलाक्लोरची ईएसए आणि ओएक्सए ही रूपं भूजलातून आणि निचऱ्यातून सावकाश येत राहतात, त्यामुळे कोरड्या दिवसांतही सापडतात. त्यांच्यासाठी मासिक नमुना पुष्कळ झाला. एकाच ओढ्यावर मूळ तणनाशकाला पुराचं वेळापत्रक आणि त्याच्या विघटनरूपांना महिन्याचं, असं ठेवता येतं. पुरातल्या बाटल्या तेवढ्या वाचतात.

शेवाळ

मग नोंदवहीत प्रत्येक बाटलीसमोर नक्की काय काय लिहायचं?

खालची_धार

तारीख, तास आणि मिनिट. त्या क्षणाची पातळी, आणि पाणी चढतं की उतरतं. मागच्या २४ तासांतला पाऊस. एकवेळचा नमुना की मिश्र. मिश्र असेल तर सुरुवात, शेवट, घोटांची संख्या आणि वेळेच्या की प्रवाहाच्या प्रमाणात. खूण कशाने पेटली. बाटली किती भरली. डब्याचं कमाल तापमान. वरच्या शेतांत फवारणी साधारण कुठल्या आठवड्यात झाली. आणि ज्या पुरात यंत्र चाललंच नाही तो पूरही तारखेसकट लिहा, नाहीतर पुढे वाचणारा त्या दिवशी नदी स्वच्छ होती असं धरून चालेल.